समुद्राच्या चुकीच्या काठावर

इस्तंबूल,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय जनाआत्या,

पोचले गं. विमान वेळेवर उतरलं, सामान लगेच मिळालं, हॉटेलात येऊन गरम पाण्याने आंघोळ केली आणि आता पलंगावर बसून तुला लिहिते आहे. तुला फोनवर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून रोज मेसेजमधून पत्र लिहीन असं कबूल केलं होतं ना? मग हे पहिलं पत्र.

शहर खूप मोठं आहे. मधून समुद्र गेलाय आणि दोन्ही काठांवर टेकड्याच टेकड्या, त्यांच्यावर घरं चिकटवल्यासारखी. थंडी बोचरी आहे. पावसाबरोबर बर्फाचा भुगा पडतो आणि रस्त्यावर पडला की त्याचं पाणी होतं. चहाला इथेही चायच म्हणतात. कोरा, लहानशा काचेच्या पेल्यात. तुला अजिबात आवडणार नाही.

उद्यापासून ट्रेनिंग. आमच्या साजगावच्या कारखान्यात जे मशीन येणार आहे, पाइपाच्या आतली भेग बाहेरून ओळखणारं, ते इथे बनतं. दहा दिवसांत मला ते चालवायला शिकायचं आहे. विलास सरांचा व्हिसा वेळेत आला असता तर सोबत झाली असती, पण हरकत नाही. माझं काही अडलं नाही.

खोली चांगली आहे. तिसऱ्या मजल्यावर. दाराला दोन कड्या आहेत.

बाबांना सांग, सगळं ठीक आहे. जरा दमले आहे, एवढंच.

तुझी,
रुचिता


कुंभिवली,
सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय रुचिता,

तुझं पत्र परत परत वाचलं. वाचून जीव भांड्यात पडायला पायजे होता. पडला नाय, म्हणून लिहायला बसले. मी बोलते तशीच लिहिते, हसू नको.

काल तिन्हीसांजेला मी ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसले होते. फोन मांडीवर होता. तो थरथरला. नंबर भलताच लांबलचक, पुढे अधिकचं चिन्ह. मी डाव्या कानाला लावला, त्या कानात अजून थोडं हाय. आधी काहीच नाय. मग कोणीतरी रडल्यासारखं वाटलं. खरंच कोणी रडत होतं की माझ्या कानातलीच घूं घूं होती, ते मला सांगता येणार नाय. मी "कोण? कोण बोलतंय?" करत राहिले. मग दुसराच आवाज आला. बाईचा, जाडाभरडा. आपली भाषा नव्हती. मग बंद.

रुचिता, तो फोन तुझा होता का?

तुझ्या बापाची अट तुला ठाऊक हाय. तुझी आई गेल्यापासून तो तुझ्या बाबतीत असाच हाय, मुठीत धरून ठेवणारा. एक दिवस जरी खबर आली नाय तरी पोरगी आल्यावर नोकरी बंद, आणि शेलूच्या पाहुण्यांना होकार. मी मध्ये पडले, मी जबाबदारी घेतली, तेव्हा कुठे तो तुला सोडायला तयार झाला. काल तो शेतावर शेंगांची पोपटी भाजून आला, अंगाला धुराचा वास, आणि आल्या आल्या विचारलं, "पोचली का गं?" मी म्हटलं, "पोचली. मेसेज आला." तेव्हा काही आलं नव्हतं. तुझं पत्र नंतर आलं. तोवर मी चुलीपुढे बसून होते आणि त्याच्याकडं तोंड करत नव्हते.

आता तू लिहितेस सगळं ठीक. मग ते रडणं कोणाचं होतं?

जनाआत्या


इस्तंबूल,
सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तो फोन माझा नव्हता. हल्ली बाहेरच्या देशांतून असे फसवणुकीचे फोन येतात. परत आला तर उचलू नकोस.

आज ट्रेनिंग सुरू झालं. मशीन छान आहे. शिकवणारे लोकही चांगले आहेत. आता झोपते.

रुचिता


कुंभिवली,
मंगळवार, ४ फेब्रुवारी

रुचिता,

काल मी तुला अर्धंच लिहिलं होतं. आता पुरतं लिहिते.

रविवारी तो फोन बंद झाल्यावर मी तशीच शेजारी ठमीकडं पळाले. तिचे कान शाबूत. म्हटलं, ह्या नंबरावर लाव आणि काय ऐकू येतं ते मला तोंडाकडं बघून कळेल असं सांग. तिनं लावला. ऐकता ऐकता तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "जना, बाप्या बोलतोय गं. कोनचा बाप्या हाय? मागं लोकं बोंबलतायत. आनि फटाके... का बंदुका हायत?" मग तिनं घाबरून फोनच बंद केला. परत लावायला हात होईना. तिचा नाय आणि माझाबी नाय. ठमीला मी शपथ घातली, हिरामणला, तुझ्या बापाला, काही बोलायचं नाय.

त्यानंतर तुझं पत्र आलं. समुद्र, टेकड्या, चहा. मी म्हटलं, देव पावला. पण काटा राहिलाच.

आज दुपारी तुझे विलास सर मोटरसायकल थांबवून विचारत होते, "ताप उतरला का रुचिताचा?" मी म्हटलं, कसला ताप? तर म्हणाले, तिकडून निरोप आलाय, तू ट्रेनिंगला गेलीच नायस. काल नाय, आज नाय. खोलीतनं बाहेर येत नायस. अजून दोन-तीन दिवस बघतील आणि तिकीट बदलून परत पाठवतील.

माझे कान गेले, डोळे नाय गेले. "दाराला दोन कड्या आहेत" असं पत्रात कोण लिहितं गं? खालापूरच्या दवाखान्यात नोकरी केली मी. बाया यायच्या, ओठ फुटलेला, डोळा काळानिळा, आणि मी विचारायच्या आधीच सांगायच्या, पाय घसरला. तू तशी लिहितेस.

कोणी हात लावला का तुला? काय झालंय ते लिही. काहीही असलं तरी लिही. मी रागावणार नाय, रडणार नाय, कोणाला सांगणार नाय. पण आता खोटं लिहिलंस तर मी उठून हिरामणकडं जाईन.

जनाआत्या


इस्तंबूल,
बुधवार, ५ फेब्रुवारी

आत्या,

कोणी हात लावला नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तो फोन माझाच होता.

विमानतळावर मशीनच्या कंपनीचा मुराद नावाचा माणूस माझ्या नावाची पाटी घेऊन उभा असणार होता. कोणीच नव्हतं. मी दारापाशी उभी राहिले. लोक यायचे, गळ्यात पडायचे, निघून जायचे. माझा फोन चालेना. कारखान्याने परदेशचं कनेक्शन चालू केलंय असं सांगितलं होतं, पण ते झालंच नव्हतं. तिथलं वायफाय घ्यायचं तर फोनवर कोड येणार, आणि कोड यायला फोन चालू हवा. एका खिडकीपाशी विचारायला गेले तर तिथला माणूस एवढ्या भराभर बोलला की मी नुसती मान हलवली आणि बाजूला झाले. मला काही कळलं नव्हतं, पण परत विचारायची लाज वाटली.

बराच वेळ गेल्यावर वाटलं, आपणच जाऊ. हॉटेलचं नाव कागदावर होतं. बाहेर बसगाड्या लागल्या होत्या. एकाने कागद बघून बोट दाखवलं. शेजारी शेजारी दोन बस होत्या. मी चुकीच्या बसमध्ये बसले. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी खिडकीला डोकं लावून झोपले. मध्ये जाग आली तर बस एका उंच पुलावरून चालली होती आणि खाली पाणी. मला वाटलं, नदी असेल.

ती नदी नव्हती. तो समुद्र होता, आणि माझं हॉटेल राहिलं अलीकडच्या काठावर.

बस थांबली तिथे उतरले. आत्या, किती माणसं! सगळे कुठेतरी जायच्या घाईत, आणि मी मधोमध बॅग धरून उभी. पाट्या वाचता येतात, अक्षरं इंग्रजीच आहेत, पण अर्थ काहीच नाही. वाचता येऊनही कळत नाही, हे फार वाईट असतं. पाटीच न वाचता येणं बरं. कधी कानावर "दुक्कान" असा शब्द यायचा, कधी "हावा", आणि मी गर्रकन वळायचे, जणू आपलंच कोणी बोललं. पुढचं वाक्य परत परकं.

एका माणसाने कागद बघितला, हसला, माझी बॅग उचलली आणि चालायला लागला. मी मागून धावत. गल्लीत गल्ली, चढावर चढ. एका दारावर माझ्या हॉटेलचं नाव. निदान पहिला शब्द तोच होता. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि मला वरची खोली दाखवली. खोलीला खिडकी नव्हती. दाराची कडी उचकटलेली. जिन्यात दोघे बसले होते, मी आत गेले तरी ते बघतच राहिले. मग त्यांतला एक उठून दारापर्यंत आला आणि काहीतरी बोलला. मी दार लोटून पाठीने धरलं. तो गेला. पुन्हा आला. दारावर टकटक केली. हळूच, बोटाने.

तो काय सांगायला आला होता, मला माहीत नाही. साबण हवा का, एवढंच विचारत असेल. पण आत्या, तेव्हा तसं वाटलं नाही. पावलं जिना उतरून गेली तशी मी पर्स घेऊन खाली पळाले. काउंटरवर पासपोर्ट मागितला. तो म्हणाला, "योक." योक म्हणजे नाही. नाही म्हणजे देत नाही, की नाहीच आहे? मी परत मागितला. तो कोणाला तरी फोन लावायला लागला. मी तशीच रस्त्यावर पळाले. बॅग वर, जॅकेट वर, पासपोर्ट ड्रॉवरमध्ये.

वाटलं होतं, पोलीस दिसेल. पण दोन गल्ल्यांपलीकडे मला हॉटेलचा रस्ताही सांगता आला नसता. आणि मग समोरून लोंढा आला. पुरुषच पुरुष, रस्ताभर, पिवळे-निळे मफलर, ढोल, हातात जळत्या नळकांड्या, लाल धूर. एकदम ओरडायचे तेव्हा भिंती हादरायच्या. मला वाटलं, दंगल पेटली. भिंतीला चिकटले. धुराने डोळे मिटले गेले आणि कोणीतरी माझा दंड पकडला.

मला आत खेचलं. मागे शटर खाडकन खाली आलं.

आत अंधार. डोळे उघडले तर एक जाडजूड बाई, एक पुरुष, शिलाई मशीन, लटकवलेल्या पँटी. शटर बंद. बाहेर धडाधड आवाज. आत्या, आपल्याकडे ऐकलेल्या सगळ्या गोष्टी मला त्या क्षणी आठवल्या. मुली कशा नेतात, कुठे विकतात, पासपोर्ट आधी कसा काढून घेतात. मी मशीनवरची कात्री उचलली. हो, उचलली. बाईने माझ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. तो दोन्ही हात वर करून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

तिने चहा ओतला. मी घेतला नाही. त्यात काही घातलं असेल म्हणून. तिने तोच पेला स्वतः पिऊन दाखवला. तरी मी घेतला नाही. मग तिने नवऱ्याचा फोन माझ्यापुढे ठेवला आणि कानाला हात लावून दाखवलं, लाव कोणाला तरी.

मला एकही नंबर आठवेना. बाबांचा नाही, विलास सरांचा नाही. सगळे फोनमध्ये, आणि फोन बंद. फक्त तुझा आठवला. शाळेत असताना दप्तरावर लिहिलेला, तोच तू अजून ठेवला आहेस.

तू उचललास. "कोण?" म्हणालीस. मी म्हटलं, आत्या मी. तू म्हणालीस, "कोण बोलतंय?" मी ओरडले, आत्या, मी रुचिता. तू परत "कोण?" तुझा आवाज अगदी ओटीवर बसल्यासारखा जवळ होता, मागे कोंबड्या ऐकू येत होत्या, आणि माझा तुला पोचत नव्हता. तुला ऐकू येत नाही हे काय मला माहीत नव्हतं? तरी त्या क्षणी वाटलं, मी आता कोणालाच ऐकू येणार नाही. मेसेज करता आला असता. सुचलंच नाही. खरं सांगू? मला तुझा आवाज ऐकायचा होता.

मी रडायला लागले तेव्हा बाईने फोन घेतला आणि तुला सांगितलं, "मेराक एतमे." ते नंतर कळलं, काळजी करू नको. मग लोंढा किती राहिलाय ते बघायला नवरा शटर थोडं उचलून फोनसकट बाहेर गेला. ठमीमावशीने ऐकला तो बाप्या तोच. केनान. आणि त्या बंदुका नव्हत्या. फुटबॉलची मॅच होती. घाबरलं कोणी नव्हतंच, मी सोडून.

बाईचं नाव नेरमिन. तिने माझ्या अंगावर स्वतःचा कोट टाकला आणि दोघं मला घेऊन हॉटेल शोधत फिरली. सापडलं तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मान हलवली, असा पासपोर्ट आमच्याकडे नाहीच म्हणून. नेरमिनने काउंटरवर असा हात आपटला की आतून दुसरा माणूस धावत आला. दोघांचं भांडण झालं आणि पासपोर्ट त्याच ड्रॉवरमधून निघाला. बॅग आणि जॅकेट केनान वरून घेऊन आला. त्या पहिल्या माणसाच्या मनात काय होतं, मला आजही माहीत नाही. हेच मला झोपू देत नाही. वाईट होतं असं कळलं तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी होईन. काहीच नव्हतं असं कळलं तर स्वतःला हसेन. पण माहीतच नाही.

मग ती मला बोटीत घालून पलीकडे, खऱ्या हॉटेलात घेऊन आली. मुराद दारात उभा होता. तो विमानतळावर दुसऱ्या दारापाशी थांबला होता, मग शहरभर शोधत होता. त्याने माफी मागितली. मी "इट्स ओके" म्हटलं, खोलीत आले, दोन्ही कड्या लावल्या आणि तुला ते पहिलं पत्र लिहिलं.

तेव्हापासून बाहेर गेले नाही. मुराद दोनदा आला, मी दाराआडून ताप सांगितला. जेवण दाराबाहेर ठेवतात. जिन्यात पाऊल वाजलं की मी पलंग आणि भिंतीच्या मधे जाऊन बसते. आत्या, सव्वीस वर्षांची बाई आहे मी. मला घरी यायचं आहे.

रुचिता


कुंभिवली,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझी रुचिता,

कोणाला सांगणार नाय असं मी लिहिलं होतं. तो शब्द मोडला. तुझं पत्र हिरामणला वाचून दाखवलं. मला एकटीला झेपेना. त्या दिवशी फोन माझ्या कानाला होता आणि पोरगी पलीकडं ओरडत होती, ते वाचल्यापासून मला काही सुधरत नाय. मी शेंगा निवडायला परत बसले होते गं. फोन बंद झाल्यावर थोडा वेळ मी परत शेंगाच निवडल्या, मग ठमीकडं गेले.

हिरामणनं सगळं ऐकलं. कात्रीचं आलं तेव्हा मान खाली घातली. मग मला म्हणाला, "म्हंजे रविवारी तू खोटं बोल्लीस." मी म्हटलं, हो. तो उठला, चपला घातल्या आणि हायवेच्या अंगाला निघून गेला. मला वाटलं, आता कारखान्याच्या गेटावर जाऊन तमाशा करील. मी बसले दाराकडं बघत.

आला तो विलास सरांना घेऊन. सरांना ओटीवर बसवलं आणि विचारलं काय, ठाऊक हाय? "पासपोर्ट काढाया किती दिस लागतात?" सर म्हणाले, कोणाचा? तर म्हणतो, "माजा. मीच जातो आनि घेऊन येतो तिला." सरांनी सांगितलं, तुमचा निघेपर्यंत तिचे दहा दिवस संपतील. पुण्याच्या पुढं कधी गेला नाय तो, तुला ठाऊक हाय.

सर गेल्यावर मला म्हणाला, लिव. तो बोलला तसंच लिहिते.

"तिला म्हनावं, यायचं तर ये. आजच्या आज तिकीट बदल. इकडं कोन काय बोलनार नाय, बोल्लं तर मी हाय. ते शेलूवाल्यांचं बी तिच्या मर्जीनं. पन खोलीत बसून ऱ्हाऊ नको म्हनावं. खोलीतच बसायचं तर घरची खोली काय वाईट हाय? तिकडं गेलीस ती खोलीत बसाया गेलीस का?"

मग म्हणाला, "त्या बाईला माजा नमस्कार सांग."

माझ्याशी तो अजून धड बोलत नाय. जेवताना ताट सरकवतो, बस. बोलेल. खोटं मी बोलले, तर तेवढं सोसायला पायजे.

मी तुला थांब म्हणणार नाय आणि ये बी म्हणणार नाय. दवाखान्यात असताना मला विचारशील तर, बाळंतपणाच्या प्रत्येक केसला माझे हात गार पडायचे. शेवटपर्यंत पडायचे. लोकांना वाटायचं, जनाबाईला काही वाटत नाय. मी हात गरम पाण्यात बुडवायचे आणि आत जायचे. एवढंच मला येतं. दुसरं काही मला शिकवता येत नाय.

काय ठरवशील ते कळव.

जनाआत्या


इस्तंबूल,
शनिवार, ८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काल सकाळी कड्या काढल्या. जिना उतरले, काउंटरपर्यंत गेले आणि परत वर आले. हात धुतले. गरम पाण्याने. खरंच थोडा फरक पडतो. परत उतरले, या वेळी कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत. एक माणूस माझ्या मागून चालत होता. मी थांबले, तो पुढे निघून गेला. बायकोशी फोनवर भांडत होता बहुतेक, आवाज तसाच होता. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. बाबांचं ते "खोलीत बसाया गेलीस का" डोक्यात घोळत होतं. राग आला, खरं सांगायचं तर. त्यांना काय माहीत, इथे बाहेर काय आहे? मग त्या रागातच ट्रामपर्यंत गेले.

उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसले. हसू नकोस. दोन स्टॉप गेल्यावर कळलं. सगळं परत तसंच, पाट्या, माणसं, परकं बोलणं. पण या वेळी उतरले आणि एका म्हातारीला कागद दाखवला. तिने सांगितलेलं कळलं नाही. मी मान हलवली नाही. कळलं नाही म्हणून हाताने सांगितलं. तिने परत सांगितलं. परत कळलं नाही. शेवटी तिने मला हाताला धरून समोरच्या फलाटावर नेऊन उभं केलं आणि ट्राम येईपर्यंत माझी बाही सोडली नाही.

वर्कशॉपवर पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी चालली होती. मुरादने विचारलं, ताप कसा आहे? मी सांगितलं, ताप नव्हता. मला भीती वाटत होती. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत ते वाक्य फारच लहान झालं. त्याने मशीनवरचं कापड काढलं आणि स्टूल ओढून दिलं. चार दिवसांचं राहिलंय, रविवार सोडून उशिरापर्यंत बसावं लागेल म्हणाला. मी हो म्हटलं. आज संध्याकाळपर्यंत एका पाइपातली भेग मला एकटीला सापडली. केसाएवढी. नुसत्या डोळ्यांनी कोणाला दिसली नसती.

तिकीट बदलत नाही, आत्या. बाबांना सांग, खोलीत बसलेली नाही. त्यांना म्हणावं, तुमचा राग आला होता, पण आता नाही. आणि तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी, म्हणून त्यांना म्हणावं, ताट सरकवू नका, हातात द्या.

बरी झाले आहे असं समजू नकोस. आज येतानाही जिन्यात पाऊल वाजलं तर मी पाठ भिंतीला लावून थांबले. काउंटरवरच्या त्या माणसाचं तोंड रोज डोळ्यांपुढे येतं. ते जाईल असं मुराद म्हणतो. कधी, ते त्यालाही सांगता येत नाही.

उद्या रविवार. सुट्टी आहे. नेरमिनच्या दुकानात जायचं ठरवलं आहे. एकटीच. बोटीने पलीकडे जायचं, धक्क्यावर उतरायचं आणि त्या गल्ल्यांतून दुकान शोधायचं. पत्ता नाही माझ्याकडे. चढ आहे, पँटी लटकवलेल्या असतात, एवढंच आठवतं. तिला बाबांचा नमस्कार सांगायचा आहे आणि त्या दिवशी न प्यायलेला चहा प्यायचा आहे. मॅच असेल तर लोंढाही असेल. माझा फोन आता चालतो, पण बोटीवर रेंज जाते असं ऐकलं. कदाचित बराच वेळ माझी काही खबर येणार नाही.

घाबरू नकोस असं मी म्हणत नाही, आत्या. लगेच घाबरू नकोस. थोडं थांब, मग घाबर.

तुझी,
रुचिता


कुंभिवली,
शनिवार, ८ फेब्रुवारी

रुचिता,

मी आत्तापासनंच घाबरलेय. तू जा.

जनाआत्या